खाडीचं पाणी आणि चार मॅन्युअलं: जुनं धरावं की नवं?

पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास समोर येतो: पद्धत कुठल्या पुस्तकातली घ्यायची? लॅबच्या कपाटात बाइंडिंग सुटलेली, पानांवर आयोडीनचे डाग पडलेली एक जुनी प्रत असते. सीनियर म्हणतो, "हीच वापर, आम्ही सगळ्यांनी हीच वापरली." गाईड म्हणतात, लेटेस्ट एडिशन लावा, नाहीतर रिव्ह्यूअर जुना संदर्भ बघून नाक मुरडेल. दोघांचाही हेतू चांगला असतो. पण दोघंही पुस्तकाचं वय बघून बोलतात. आत काय लिहिलंय आणि ते कुठल्या पाण्यासाठी लिहिलंय, हा विचार दोन्ही सल्ल्यांत नसतो.

हवेत बोलण्यापेक्षा एक ठरावीक पाणी समोर ठेवू या. रेवदंड्याची खाडी. सह्याद्रीतून उतरणारी कुंडलिका रोहा, कोलाडचा परिसर करून रेवदंड्याला समुद्राला मिळते. या काठाला रेवदंड्याचा पोर्तुगीज किल्ला, पलीकडे कोर्लई, मधे साळावला जाणारा पूल. वर रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रासायनिक कारखाने आहेत. त्याच्याही वर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी नदीत येतं, म्हणून बाकीच्या कोकणातल्या नद्या कोरड्या पडतात तेव्हाही कुंडलिका वाहती असते. कोलाडचं राफ्टिंग त्यावरच चालतं. म्हणजे एकाच खाडीत, एकाच दिवशी, भरतीला समुद्राचं पाणी, ओहोटीला नदीचं, आणि मधे कारखान्यांचं आणि गावांचं सांडपाणी. उधाणाला वेगळं चित्र, भांगाला वेगळं. या पाण्यातला ऑक्सिजन, नायट्रेट, फॉस्फेट आणि क्लोरोफिल मोजायचं ठरवलंत, तर हातात चार पुस्तकं येतात.

पहिलं, स्ट्रिकलँड आणि पार्सन्स यांचं समुद्रपाण्याच्या विश्लेषणाचं हँडबुक. कॅनडाच्या फिशरीज रिसर्च बोर्डानं काढलेलं, बुलेटिन क्रमांक १६७. पहिली आवृत्ती १९६८, दुसरी १९७२. आपल्याकडच्या सागरी लॅबमध्ये 'स्ट्रिकलँड-पार्सन्स' म्हटलं की पुस्तकाचं नाव पुढे सांगावं लागत नाही. दुसरं, पार्सन्स, माइता आणि लाली यांचं १९८४चं छोटं मॅन्युअल. ते पहिल्याचंच धाकटं भावंड आहे. तिसरं, ग्रासहॉफचं 'मेथड्स ऑफ सीवॉटर अ‍ॅनालिसिस', १९७६, १९८३ आणि तिसरी आवृत्ती १९९९. चौथं, अमेरिकेतल्या एपीएचए या संस्थेचं 'स्टँडर्ड मेथड्स'. ते १९०५पासून निघतंय, २०१७ साली तेविसावी आवृत्ती आली, त्यानंतर चोविसावीही आली.

आधी स्ट्रिकलँड-पार्सन्सबद्दल, कारण त्याच्यावर माझा जीव आहे आणि माझी सगळ्यात जास्त तक्रारही त्याच्याचबद्दल आहे.

हे पुस्तक वाचायला शिका, वापरायचं नसलं तरी. प्रत्येक पद्धतीच्या सुरुवातीलाच ती पद्धत किती ते किती मूल्यांपर्यंत चालते आणि अचूकता किती, हे लिहिलेलं आहे. त्यातही 'अचूकता चांगली आहे' असं मोघम विधान नाही. अमुक पातळीला, इतक्या वेळा मोजलंत तर खरं मूल्य इतक्या पट्ट्यात असेल, अशी मांडणी आहे. मग कृती, आणि कृतीतल्या नाजूक पायऱ्यांना अक्षरं देऊन त्याच्या टिपा. हा रिएजंट किती दिवस टिकतो, इथे थांबलात तर काय बिघडतं, या ठिकाणी घाई केली तरी चालते. ब्लँक कसा घ्यायचा आणि कॅलिब्रेशन कसं करायचं याला वेगळे परिच्छेद. लिहिणाऱ्यानं हे सगळं स्वतःच्या हातानं शेकडो वेळा केलेलं आहे, हे पानापानावर कळतं. नव्या पुस्तकांत ही बोलण्याची तऱ्हा उरलेली नाही. एपीएचएमध्ये पद्धतीला क्रमांक असतो, पायऱ्या असतात, पण 'का' हा शब्द शोधावा लागतो.

तक्रार अशी की हे पुस्तक खुल्या समुद्रासाठी लिहिलेलं आहे. लेखकांच्या डोळ्यांसमोर पॅसिफिक होता आणि त्यावर संशोधन-जहाज. स्वच्छ, खारं, एकसारखं पाणी. आपल्या खाडीत यातलं एकही विशेषण लागू पडत नाही.

याचा परिणाम कुठे होतो बघा. विरघळलेला ऑक्सिजन आपण विंकलरच्या पद्धतीनं मोजतो. पद्धत १८८८ची आहे आणि तिचं रसायनशास्त्र अजून तेच आहे. मँगनीजचा साका पाण्यातला ऑक्सिजन पकडतो, आम्ल घातलं की त्या प्रमाणात आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटनं मोजायचं. पाण्यात नायट्राइट असेल तर आम्लात तेही आयोडाइडमधून आयोडीन काढतं. शिवाय त्या क्रियेत तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पुन्हा पुढची फेरी सुरू करतो. म्हणजे टायट्रेशन संपल्यावर निळा रंग परत परत येतो आणि ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. खुल्या समुद्राच्या वरच्या थरात नायट्राइट नगण्य, म्हणून समुद्राच्या मॅन्युअलनं त्याची फिकीर केली नाही. सांडपाण्यात नायट्राइट भरपूर, म्हणून एपीएचएच्या पद्धतीत सोडियम अझाइड घालून ते आधीच मारून टाकतात.

आता नीट विचार करा. सांडपाणी येणाऱ्या खाडीत तुम्ही समुद्राचं मॅन्युअल जसंच्या तसं वापरलंत, तर जिथे प्रदूषण जास्त तिथेच ऑक्सिजन फुगून दिसण्याचा धोका. अहवालात खाडी निरोगी. यात जुनं-नवं असा प्रश्नच नाही. अझाइडची सुधारणा १९२५ची आहे, स्ट्रिकलँड-पार्सन्सपेक्षा चाळीसेक वर्षांनी जुनी. दोन परंपरांनी दोन वेगळी पाणी डोळ्यांसमोर ठेवली होती, एवढंच. आणि खाडी दोघींच्या मधे पडली.

उलट बाजूही आहे. एपीएचएचं पुस्तक मुळात नळाचं, नदीचं आणि गटाराचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून वाढलेलं आहे. समुद्र तिथे पाहुणा आहे. अमोनिया किंवा सिलिकेटच्या रंगपद्धतीत मिठामुळे रंगाची तीव्रता बदलते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काढलेला कॅलिब्रेशनचा आलेख २५ क्षारतेच्या नमुन्याला लावलात तर चूक शिरते. रेवदंड्याला तर एका भरती-ओहोटीत क्षारता कुठून कुठे जाते. म्हणून या दोन पद्धतींसाठी दोन-तीन वेगवेगळ्या क्षारतांच्या पाण्यात आलेख काढून बघावे लागतात. हा धडा समुद्राच्या मॅन्युअलांत, विशेषतः ग्रासहॉफमध्ये, नीट सापडतो. फॉस्फेटला मात्र एवढी डोकेदुखी नाही. मर्फी आणि रायली यांची १९६२ची पद्धत सगळ्या पुस्तकांत थोड्याफार फरकानं तीच आहे आणि मिठाचा परिणामही किरकोळ आहे. तिथे जुनं का नवं यावर वेळ घालवू नका.

विंकलरमध्ये आणखी एक बारकावा. जुन्या कृतीत बाटलीतून ५० मि.ली. पिपेटनं काढून टायट्रेट करतात. कार्पेंटरनं १९६५ साली दाखवलेली तऱ्हा म्हणजे आख्खी बाटलीच टायट्रेट करायची, म्हणजे पिपेटमधून आयोडीन उडून जात नाही. थंड जहाजावर हा फरक लहान असेल. मे महिन्यात, पंख्याखाली, बत्तीस-तेहतीस अंशांत काम करणाऱ्यानं आख्खी बाटलीच करावी. (पंखा तर बंदच करा, टायट्रेशनपुरता.) तापमानाचा आणखी एक मुद्दा: थंड समुद्रावरची उदाहरणं वाचून ऑक्सिजन ८-९ मि.ग्रॅ./लि. असणं म्हणजे सर्वसाधारण, अशी समजूत करून घेऊ नका. ३० अंशांना ३५ क्षारतेच्या पाण्यात पूर्ण संपृक्त ऑक्सिजन सुमारे ६.२ मि.ग्रॅ./लि. एवढाच मावतो.

आता क्लोरोफिल. इथे मात्र जुनं आणि नवं हा फरक खरा आहे, आणि मॅन्युअल निवडणं किती गंभीर असू शकतं ते इथेच कळतं.

पाणी गाळायचं, फिल्टर ९० टक्के ॲसिटोनमध्ये भिजवायचा, अर्काचा अ‍ॅब्सॉर्बन्स तीन तरंगलांबींना घ्यायचा, ७५० नॅनोमीटरचं वाचन वजा करायचं (खाडीच्या गढूळ पाण्यात हे विसरून चालणार नाही) आणि समीकरणात टाकायचं. कृती गेली सत्तर वर्षं साधारण हीच. बदललं ते समीकरण. रिचर्ड्स आणि थॉम्पसन यांचं १९५२चं समीकरण लाल टोकाच्या वाचनाला १५.६नं गुणतं, मग ६४५च्या वाचनाची २.० पट आणि ६३०ची ०.८ पट वजा करतं. पार्सन्स आणि स्ट्रिकलँड यांनी १९६३ साली ते दुरुस्त केलं: ११.६, वजा १.३१, वजा ०.१४. जेफ्री आणि हम्फ्री यांचं १९७५चं, जे आज एपीएचएमध्येही आहे: ११.८५, वजा १.५४, वजा ०.०८, आणि वाचनं ६६४, ६४७ आणि ६३०ला. हे गुणक का बदलले? कारण शुद्ध क्लोरोफिल किती प्रकाश शोषतं याचं मूल्यच आधी चुकीचं धरलेलं होतं. जास्त शुद्ध क्लोरोफिल हाती आलं तसं ते सुधारत गेलं.

आकडे घालून बघू. समजा लाल टोकाचं वाचन ०.२००, मधलं ०.०५० आणि ६३०चं ०.०४० आलं. तरंगलांबीतला एक-दोन नॅनोमीटरचा फरक उदाहरणापुरता सोडून द्या. एक लिटर पाणी गाळलं, अर्क १० मि.ली., क्युव्हेट १ सें.मी.ची. १९५२च्या समीकरणानं उत्तर २९.९ मायक्रोग्रॅम/लि. १९६३च्यानं २२.५. १९७५च्यानं २२.९.

शेवटच्या दोन उत्तरांत फरक जवळजवळ नाही. पहिल्यात आणि शेवटच्यात मात्र सात मायक्रोग्रॅमचा फरक आहे. पाणी तेच, बाटली तीच, यंत्र तेच.

आता समजा तुम्हाला साठच्या दशकातल्या किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी नोंदी सापडल्या, त्या १९५२च्या समीकरणानं काढलेल्या होत्या, आणि तुम्ही आजच्या समीकरणानं मोजून शेजारी ठेवल्या. तुमच्या प्रबंधात आलेख उतरता येईल: वनस्पतीप्लवंग २३ टक्क्यांनी घटले. मग तुम्ही कारण शोधाल. प्रदूषण, तापमानवाढ, गाळ, काय वाट्टेल ते. ते कारण छापून येईल. उद्या एखाद्या जनसुनावणीत ते कुणीतरी वाचून दाखवेल. घटलं असेल ते फक्त एक गुणक. आणि उलटही होऊ शकतं. खरोखर ३० टक्के वाढ झालेली असेल, सांडपाण्यातल्या नायट्रोजननं खाडी हिरवी होत चाललेली असेल, आणि समीकरणातला बदल ती वाढ गिळून टाकेल. अशा खाडीवर ज्यांचं घर चालतं त्या कोळ्यांच्या दृष्टीनं दोन्ही चुका सारख्या नाहीत. दुसरी जास्त महाग आहे, कारण तिच्यात तक्रारीला पुरावाच उरत नाही.

म्हणून जुन्या मालिकेशी तुलना करायची असेल तर जुनं समीकरणही वापरावं लागतं. आपली वाचनं जुन्या समीकरणात टाकून एक रकाना, नव्या समीकरणात टाकून दुसरा. हे शक्य होतं ते तुमच्याकडे मूळ वाचनं असतील तरच. जुन्या अहवालांची खरी अडचण ही आहे की त्यांत बहुतेक वेळा शेवटचं उत्तरच छापलेलं असतं, वाचनं नसतात. मग ते उत्तर उलटं सोडवता येत नाही, कारण एका उत्तरातून तीन वाचनं परत मिळत नाहीत.

एककांचा घोळही याच घरातला. जुन्या समुद्री नोंदींत ऑक्सिजन मि.ली./लि.मध्ये असतो, पाणी-प्रदूषणाच्या कागदांत मि.ग्रॅ./लि.मध्ये. एक मि.ली. ऑक्सिजन म्हणजे १.४२९ मि.ग्रॅ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किनारी पाण्याच्या निकषांत एसडब्ल्यू-एक वर्गाला किमान ५.० मि.ग्रॅ./लि. आणि एसडब्ल्यू-दोनला ४.० लागतात. जुन्या तक्त्यात ३.५ दिसलं आणि एकक न बघता उचललंत, तर पाणी दोन्ही वर्गांत नापास. प्रत्यक्षात ३.५ मि.ली. म्हणजे ५.० मि.ग्रॅ., म्हणजे पास. नायट्रेटमध्ये हा घोळ आणखी मोठा आहे. एपीएचए नायट्रोजनच्या वजनात उत्तर देतं, काही अहवाल आख्ख्या नायट्रेटच्या वजनात, समुद्रवाले मायक्रोमोलमध्ये किंवा जुन्या 'मायक्रोग्रॅम-अ‍ॅटम'मध्ये. नायट्रोजन म्हणून ०.५ मि.ग्रॅ./लि. म्हणजे नायट्रेट म्हणून २.२ मि.ग्रॅ./लि., म्हणजे सुमारे ३५.७ मायक्रोमोल. तिन्ही आकडे बरोबर, आणि तिन्ही एकाच तक्त्यात एकाखाली एक लिहिले तर तिन्ही निरुपयोगी.

ही अडचण फक्त पाणी मोजणाऱ्यांची आहे असं समजू नका. अमेरिकेत शिशाच्या गोळ्या स्वतः ओतून काडतुसं पुन्हा भरणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यातही जुनं मॅन्युअल का नवं हा वाद चालतो. जुन्या पुस्तकांत दाब तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला त्यावरून काढलेला, नव्यांत पिझोइलेक्ट्रिक सेन्सरनं. एकेकाळी दोन्ही आकडे एकाच एककात छापले जात, पण एकातून दुसऱ्यात जायला सरळ सूत्र नाही. शिवाय तेच नाव असलेली दारू पन्नास वर्षांनी तंतोतंत तीच असेल याची खात्री नसते. तिथे एका पुस्तकातला घटक आणि दुसऱ्यातला आकडा जोडला तर बंदूक हातात फुटू शकते. आपल्या लॅबमध्ये काही फुटत नाही, म्हणून आपण जास्त बेफिकीर असतो. कृती स्ट्रिकलँड-पार्सन्सची, समीकरण इंटरनेटवरून मिळालेलं, एकक एपीएचएचं, आणि प्रबंधात 'प्रमाणित पद्धतीनं' एवढंच.

क्षारतेबद्दल थोडक्यात, कारण खाडीत काम करताना ती फारशी त्रास देत नाही. १९०१च्या नुड्सनच्या तक्त्यांमागचं सूत्र क्लोराइडवरून क्षारता काढतं: १.८०५० पट, अधिक ०.०३०. म्हणजे क्लोराइड शून्य असलं तरी क्षारता ०.०३. हे त्या सूत्रात शिरलं कारण कमी क्षारतेचे नमुने बाल्टिक समुद्रातले होते आणि तिथल्या नद्यांच्या पाण्यात थोडे वेगळे क्षार होते. साठच्या दशकात ते सूत्र सरळ १.८०६५५ पट असं केलं. १९७८च्या प्रमाणात क्षारता विद्युतवाहकतेवरून ठरू लागली आणि तिचं एककच गेलं. २०१०पासून नवं समीकरण आलं, 'टिऑस-१०' नावाचं, आणि ते निरपेक्ष क्षारता ग्रॅम प्रति किलोमध्ये देतं. पण त्याच नव्या नियमावलीत असंही सांगितलेलं आहे की साठवून ठेवताना १९७८चीच क्षारता साठवा, नवी मूल्यं त्यावरून काढा. नव्यानं जुन्याला हा मान दिलेला मला फार आवडतो. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: १९७८चं प्रमाण २ ते ४२ या पट्ट्यातच लागू आहे. पावसाळ्यात रोह्याच्या बाजूचं पाणी मोजाल तेव्हा यंत्र ०.४ दाखवेल, पण तो आकडा त्या प्रमाणाच्या बाहेरचा आहे.

मग निवड कशी करायची? माझं मत सांगते, वाद घाला. शिकण्यासाठी स्ट्रिकलँड-पार्सन्स, स्कॅन प्रत मोफत मिळते, पहिल्या वर्षी पद्धत करायच्या आदल्या रात्री त्यातलं ते प्रकरण वाचा. टेबलावर उघडं ठेवायला १९८४चं छोटं पुस्तक, त्यात फापटपसारा नाही. काहीतरी बिघडलं आणि कारण सापडत नाही, तेव्हा ग्रासहॉफची १९९९ची आवृत्ती. चुका कुठून येतात यावर इतकं खोल दुसरं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण पहिल्या दिवशी ते हातात घेतलंत तर घाबरून जाल, त्यातली अर्धी यंत्रं आपल्याकडे नसतात. गुणवत्ता-नियंत्रण, डुप्लिकेट, ब्लँक, स्पाइक यांसाठी एपीएचएची सुरुवातीची प्रकरणं; लोक ती ओलांडून सरळ पद्धतीवर जातात, हे त्या पुस्तकाचं दुर्दैव. आणि ऑक्सिजनसाठी, या खाडीपुरतं, अझाइडवाली कृती, पण आख्खी बाटली टायट्रेट करून. हे मिश्रण चालतं, कारण आपण दोन्ही बदल का केले ते लिहू शकतो.

एखादी पद्धत मधेच बदलावी लागली तर काय करायचं, याचं उत्तर रेवदंड्यापासून फार लांब नाही. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि विजेच्या प्रवाहानं त्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, लोखंड टाळून. पण १९०४ साली अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्या दोन वर्षांच्या जोरावर दोन ठिकाणच्या मालिका जोडता आल्या, आणि आज ती जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय मालिकांपैकी एक आहे. ट्राम आल्या, गेल्या, मालिका राहिली. तुम्हाला दोन वर्षं नकोत. पद्धत बदलताना पंधरा-वीस नमुने, कमी क्षारतेपासून जास्तीपर्यंत पसरलेले, दोन्ही पद्धतींनी मोजा आणि तो तक्ता प्रबंधाच्या परिशिष्टात घाला. एवढं काम तीन दिवसांत होतं.

जुन्या मॅन्युअलांचा एक दोष मात्र कुठल्याही प्रेमानं झाकता येत नाही, तो म्हणजे विषांबद्दलचा निवांतपणा. नायट्रेटसाठी कॅडमियमचा स्तंभ लागतो. जुन्या कृतीत कॅडमियमची कांडी कानशीनं घासून कीस काढायला सांगितलेलं आहे, आणि हातमोजे, धूळ, उरलेलं पाणी यांबद्दल फारसं काही नाही. नमुना टिकवायला मर्क्युरिक क्लोराइड सहज सुचवलं जाई. अझाइडही साधं नाही. आम्लाशी मिळालं की विषारी वायू सुटतो, त्यामुळे ते पाणी आम्लाच्या कचऱ्यात ओतायचं नाही. नायट्रेटसाठी आता व्हॅनेडियम क्लोराइडची पद्धत आहे, कॅडमियमशिवाय चालते, समुद्रपाण्यावर तपासलेली आहे. ती थोडी संथ आहे, तापमानाला संवेदनशील आहे आणि नायट्राइट वेगळं मोजून वजा करावं लागतं. तरी नवीन काम सुरू करत असाल तर हीच शिका. कपाटात आधीच कॅडमियमचा स्तंभ भरून ठेवलेला असेल, तर त्याची रिडक्शनची क्षमता आधी तपासा आणि त्यातून निघालेलं पाणी वेगळ्या डब्यात साठवा. बेसिनमध्ये सोडू नका.

शेवटचं, पद्धतीच्या प्रकरणात काय लिहायचं ते. 'एपीएचएप्रमाणे' एवढं लिहू नका. आवृत्ती, वर्ष, पद्धतीचा क्रमांक, आणि तुम्ही जिथे फारकत घेतली ती जागा लिहा. नेटवरून मिळालेल्या पीडीएफला बऱ्याचदा सुरुवातीची पानंच नसतात. आवृत्ती कळत नसेल तर ती फाइल वापरू नका, ग्रंथालयात जाऊन छापील प्रत बघा. क्लोरोफिलचं समीकरण गुणकांसह छापा. एकक प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहा. आणि मूळ वाचनं, ७५०च्या वाचनासकट, ब्युरेटच्या आकड्यांसकट, भरती की ओहोटी आणि किती वाजता या नोंदीसकट, परिशिष्टात किंवा विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवा. रेवदंड्याच्या पुलाखाली आणखी वीस वर्षांनी कुणी बाटली बुडवेल, तेव्हा तिच्याकडे पाचवं मॅन्युअल असेल.